मशीनवर जायच्या आधीचा नाश्ता

आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात हे कळलं, तेव्हा ती तंबाखूच्या खुडणीला जात होती. पाय सुजलेले असायचे, सकाळी तोंडही फुगल्यासारखं दिसायचं. विचारलं तर म्हणायची, "दिवसभर उभं ऱ्हातो, मग सुजणार न्हाईत तर काय हुतील?" निपाणीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तिला त्याच दिवशी बेळगावला न्यायला सांगितलं. बेळगावात मी राहते, वडगाव भागात. तेव्हापासून आई माझ्याकडे राहिली.

तिला ते मुळीच पटलेलं नव्हतं. निपाणीजवळच्या आमच्या गावात अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, घर होतं, वहिनी होती, तिच्या हातची लावलेली शेवग्याची झाडं होती. मुलगा असताना लेकीच्या घरात राहायचं म्हणजे तिला पाहुण्याच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटायचं. पण डायलिसिस आठवड्यातून दोनदा होतं, निपाणीत नंबर लागत नव्हता, आणि एसटीचे हेलपाटे तिला झेपणार नव्हते. डायलिसिस हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. ती 'मशीन' म्हणायची. "आज मशीनवर जायाचं हाय न्हवं?" असं उठल्या उठल्या विचारायची.

आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आहेत. माझा नवरा साड्या विणतो. सकाळी माग सुरू झाले की घरात एकमेकांशी मोठ्यानं बोलावं लागतं. मी शाळेत शिकवते, मुलगी कॉलेजला जाते. आई आली तेव्हा आम्ही तिला मागची खोली दिली, स्वयंपाकघराला लागून. तिथं आवाज कमी येतो. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आवाज. कुणीतरी काम करालंय असं वाटतंय."

खरा त्रास जेवणाचा होता. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ जवळजवळ बंद. पाणी मोजकं, चहासुद्धा त्यातच धरायचा. डाळ कमी, केळं नको, नारळ नको, टोमॅटो नको, बटाटा नको. भाज्या चिरून पाण्यात भिजत घालायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, परत उकडायच्या, तेही पाणी ओतायचं. मग जे उरतं त्याला भाजी म्हणायचं. मी तसं करत गेले. दोडका असो की गवार, ताटात सगळं सारखंच दिसायचं आणि लागायचंही सारखंच. आई पहिल्या दिवशी घास घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "मीठ इसरलीस काय गं?" मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि ताटातलं सगळं संपवलं. ताटात टाकायचं नाही ही तिची सवय होती. पण ती गोळी गिळावी तसं जेवायची.

जिनं आम्हाला वाढवलं ती बाई तिखटमिठाची होती. तिचा खर्डा खाऊन गडी माणसं पाणी मागायची. तंबाखूच्या वखारीत जायची तेव्हा तिच्या डब्यातली चटणी सगळ्या बायकांत फिरायची आणि डबा तिच्याकडे रिकामा परत यायचा. अशा माणसाला मी धुतलेल्या भाज्या घालत होते, दुसरा इलाज नव्हता.

मशीन चालवणारा मुलगा कन्नड बोलायचा. आईला कन्नड चांगलं येतं, वखारीत निम्म्या बायका चिकोडीकडच्या असायच्या. त्यानंच एकदा तिला सांगितलं की, अज्जी, काही खावंसं वाटलं तर मशीनवर यायच्या आधी थोडं खात जा, मग मशीन ते बाहेर काढतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, थोडं चालेल, रोज नाही, आणि अती नाही. हॉस्पिटलच्या समोर रस्त्यापलीकडे एक हॉटेल होतं, डोसा-इडलीचं. दर्शनी काच, आत पांढऱ्या टाइल्स, सकाळी सहापासून गर्दी. पुढच्या खेपेला मी रिक्षा तिथंच थांबवली.

आई दारातच उभी राहिली. "हितं बायकामाणसं बसत्यात व्हय?"

"सगळी बसतात. चल आत."

माझ्या लहानपणी बाजारच्या दिवशी बाबा निपाणीत हॉटेलात जाऊन भजी खायचे आणि आई बाहेर कट्ट्यावर पिशव्या सांभाळत बसायची. तिच्यासाठी कागदात बांधून आणायचे. ती घरी येऊन आम्हाला वाटून द्यायची. हॉटेलात खुर्चीवर बसून ती कधी जेवली नव्हती, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढं बाबा गेले, आम्ही मिळवते झालो, लग्नकार्यं झाली, पण तिला कुठं बाहेर जेवायला नेण्याचा प्रसंग आला नाही. मशीन आलं म्हणून तो आला.

मी मसाला डोसा मागवला, तिला आतली बटाट्याची भाजी बाजूला काढायला सांगितलं. डोसा आला तेव्हा त्यावरचं लोणी अजून वितळत होतं. तिनं कडेचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी दुसरीकडे बघितलं. किती दिवसांनी तिच्या तोंडात मीठ गेलं होतं.

सगळं खाऊन झाल्यावर ती ताट घेऊन उठली आणि हात धुवायच्या बेसिनकडे निघाली. वेटर धावत आला. "अज्जी, बिडरी, बिडरी!" राहू द्या, राहू द्या म्हणत त्यानं ताट तिच्या हातातून काढून घेतलं. आई ओशाळली. मग खुर्चीत बसून मला हळूच म्हणाली, "मग ताट धुयाचं बी न्हाय?"

"नाही."

"बरं हाय की गं हे."

त्यानंतर मशीनच्या दिवशी ती लवकर उठायला लागली. नऊवारी बदलायची, केस विंचरायची. आम्ही हॉटेलात त्याच बाजूला बसायचो, जिथून काचेमागचा स्वयंपाक दिसायचा. "बापय माणसं बग कशी करालीत," ती म्हणायची. तव्यावर पाणी मारून झाडूनं पुसतात ते तिला फार आवडलं होतं. कधी इडली, कधी उप्पीट, कधी सेट डोसा. सांबार मी अर्धी वाटीच घेऊ द्यायची. तिथून रस्ता ओलांडून आम्ही हॉस्पिटलात जायचो. हाताला सुया टोचून घेताना तिचं तोंड वाकडं व्हायचं. पण तेव्हाही तिचं नाश्त्याबद्दल बोलणं चालू असायचं. शेजारच्या पलंगावरच्या बाईला ती सांगायची, आज चटणीत फुटाण्याची डाळ जास्त झाली होती.

मशीनवरून उतरली की मात्र ती वेगळीच बाई असायची. तोंड काळवंडलेलं, पाय ओढत चालायची. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. दुसऱ्या दिवशी जरा बरी, तिसऱ्या दिवशी सूज चढायला सुरुवात. परत मशीन. असं ते चालायचं.

मधल्या बऱ्या दिवशी तिनं आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हॉटेलात खाल्लेलं घरी करून बघायचं तिच्या मनानं घेतलं. तांदूळ-उडीद भिजत घातले, मिक्सर तिला नको होता पण पाट्याचा हट्ट धरता आला नाही. पहिले डोसे तव्याला चिकटले. दुसऱ्या खेपेला तिनं हॉटेलात जाऊन काचेजवळ उभं राहून नीट बघितलं, आणि मग साधले. सुजलेल्या पायांवर उभी राहून ती माझ्या नवऱ्याला, मुलीला, मला गरम गरम वाढायची. स्वतः खायची नाही. नुसता वास घ्यायची आणि विचारायची, "मीठ बरोबर हाय?" माझा नवरा तिला मामी म्हणायचा. त्याला फार अवघडल्यासारखं व्हायचं. "मामी, तुम्ही बसा, ही करंल," असं म्हणायचा. ती ऐकायची नाही. "पाव्हणं, तुमच्या घरात नुसतं बसून खाऊ काय?"

माझी मुलगी तिची चेष्टा करायची. आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असं बोलतात. मुलगी म्हणायची, "आजी, करतो नाही, करते." आई म्हणायची, "मी करतोच. तू काय करतीस ते तू बग." घरात त्या काळात थोडं हसू होतं. फार दिवस ते राहिलं नाही.

त्या दिवशी मी शाळेत होते, मुलगी कॉलेजात. आईनं दुपारच्या जेवणाला सांबार केलं. हॉटेलातल्यासारखं व्हावं म्हणून तिनं मसाला भाजून घेतला, चिंच, गूळ, तुरीची डाळ, शेवग्याच्या शेंगा, टोमॅटो, सगळं घातलं. नवऱ्याला वाढलं, तो जेवून मागाकडे गेला. मग ती एकटी राहिली. चव बघायला म्हणून पळीभर घेतलं असेल. मग वाटीभर. मग ताटात भात घेऊन त्यावर घेतलं. तहान लागली तशी वर पाणी प्याली. मशीनला अजून एक दिवस होता.

दुपार कलताना तिला श्वास लागला. तिनं हाक मारली, पण पुढच्या खोलीत माग चालू होते. नवरा पाणी प्यायला आत आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड उघडं टाकून, छातीतून बुडबुड आवाज येत होता. शेजाऱ्याची गाडी काढून त्यांनी तिला हॉस्पिटलात नेलं. मला शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा तिच्या तोंडाला ऑक्सिजन होता, हात पलंगाला बांधला होता कारण ती मास्क ओढून काढत होती. फुप्फुसात पाणी भरलं होतं. तातडीनं मशीन लावलं. डॉक्टर मला म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाताला लागली नसती.

अण्णा संध्याकाळी गावाहून आला. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या त्यानं मला झापलं. "तू हाटेलात न्हेतीस म्हणून हे हुतंय. तिला चटक लावलीस तू."

"डॉक्टरांना विचारून नेत होते."

"डाक्टरांनी सांबार करून खायला सांगितलंतं काय?"

माझा नवरा मध्ये पडला म्हणून ते तिथं थांबलं.

दोन दिवसांनी तिला साध्या वॉर्डात आणलं. मी उशाशी बसले होते. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "लई चांगला झालता गं सांबार."

मला रडू आलं आणि रागही आला.

घरी आल्यावर मी मीठ, चिंच, लोणच्याची बरणी, पापड, सगळं कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये घालून शाळेत न्यायची. हॉटेल बंद केलं. मशीनच्या दिवशी घरून बिनमिठाची इडली डब्यात न्यायची आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिला खायला द्यायची. ती खायची. तिथून रस्त्यापलीकडचं हॉटेल दिसायचं, लोक आत-बाहेर करायचे, दारातून वाफ यायची. ती तिकडं बघायची नाही. एकदा आमचा नेहमीचा वेटर बाहेर पान खायला आला होता, त्यानं हात केला. आईनं हात केला नाही. पदर सारखा करून खाली बघत बसली.

तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती भांडली नाही. स्वयंपाकघरात यायची थांबली. खायचं काय याबद्दल एक शब्द बोलेना. डोसा नाही, चटणी नाही, 'मीठ बरोबर हाय काय' नाही. पुढ्यात ठेवलं ते खायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. अंगाला खाज सुटायची, ओरबाडून हात रक्तबंबाळ करायची. मी तेल लावायची, नखं कापायची. मुलगी आजीशी बोलायला गेली की म्हणायची, "जा गं बाय, अभ्यास कर." माग तसेच चालू असायचे. एक दिवस म्हणाली, "ते माग जरा बंद ठेवाय सांग की पाव्हण्यास्नी." मग आम्ही दुपारचे दोन तास माग बंद ठेवायला लागलो.

असे काही महिने गेले. पावसाळा संपत आला होता. एका सकाळी रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकात थांबली आणि आई खाली उतरेना. मी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही.

"आता साक," ती म्हणाली. "गावाकडं सोड मला."

कन्नडमध्ये साक म्हणजे पुरे. जेवताना वाढणाऱ्याला हात आडवा करून आम्ही सगळेच म्हणतो ते.

मी समजावलं, रागावले, रिक्षावाला कंटाळला. शेवटी तिला आत नेलं ते या कबुलीवर की त्या दिवसापुरतं ती मशीनवर जाईल आणि मी डॉक्टरांशी बोलेन. डॉक्टरांनी तिच्या समोरच, मराठीत, सगळं सांगितलं. मशीन बंद केलं तर आठवडा-दोन आठवडे, फार तर थोडं जास्त. शेवटी गुंगी येईल. त्यांनी तिला विचारलं, तुम्हाला कळतंय ना? आई म्हणाली, "कळतंय की. ढोरं बी सांभाळल्यात मी, माणसं बी सांभाळल्यात. मला माझ्या घरात मीठ घालून जेवायचं हाय. मग काय हुईल ते हू दे."

अण्णाला बोलावलं. तो आधी ओरडला, मग रडला, मग म्हणाला, मी निपाणीत नंबर लावतो, तू गावातच राहा आणि मशीनवर जा. ती म्हणाली, "तुझी लेकरं हायत, शेत हाय. मला न्हाय जायचं." दोन दिवस तो तिची मनधरणी करत होता. माझा नवरा एवढंच म्हणाला, "मामींना न्या गावाला. त्यांचं त्यांना ठरवू द्या." मी कुणाच्या बाजूची होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण कपाटाचं कुलूप मी त्याच संध्याकाळी काढलं.

दसऱ्याची सुट्टी लागली होती. मी तिच्याबरोबर गावाला गेले. पहिल्या दिवशी तिनं सांगितलं, झुणका कर, भाकरी कर, खर्डा मी वाटतो. पाट्यावर बसवत नव्हतं, तरी बसली. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, आणि मीठ. मीठ घालताना तिनं माझ्याकडे बघितलं. मी भाकरी थापत राहिले. वर शेंगतेल ओतून तिनं अर्धी भाकरी खाल्ली, वहिनी सारखी पाणी वाढत होती. आई तांब्याभर पाणी प्याली. किती महिन्यांनी ती पोटभर पाणी पीत होती. अण्णा उंबऱ्यात बसून बघत होता. त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीही थोडं खाल्लं. तिसऱ्या दिवशी अण्णानं मटण आणलं, वहिनीनं चुलीवर रस्सा केला. वाटी तोंडाला लावली आणि आई थांबली. "लोखंडावानी लागतंय," म्हणाली. वहिनीला वाटलं रस्सा चुकला. तिनं परत मसाला परतून वाढला. तेही तसंच. आम्हाला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. रक्तात जे साठत होतं ते तिच्या जिभेवर आलं होतं. जे खायला ती घरी आली होती, त्याची चवच निघून चालली होती.

चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मला हाटेलात न्ह्या. निपाणीत बी हाय तसलं, कढत डोसा मिळतोय. तितं बसून खातो."

अण्णा भडकला. "हाटेल कशाला? घरात करून घालंल की ही."

"तुम्ही दोगं बी चला," आई म्हणाली. "तुमास्नी दोगास्नी घेऊन मी हाटेलात कवा बसलो न्हाय."

तो उठून बाहेर गेला. गावातल्या एकाची गाडी घेऊन आला. आईला आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून गाडीत बसवलं. तिनं इरकली लुगडं नेसलं होतं, ते अंगावर राहत नव्हतं, इतकी ती बारीक झाली होती. फक्त पाय आणि तोंड सुजलेलं.

निपाणीतलं हॉटेल हमरस्त्याला लागून होतं. सकाळची गर्दी होती, कोल्हापूरकडं जाणारी कुटुंबं, ड्रायव्हर, कॉलेजची मुलं. आम्हाला मधलं टेबल मिळालं. आईनं वेटरला स्वतः सांगितलं, "तीन लोणी डोसे. कढत आण." अण्णा टेबलावर हात ठेवून बसला होता. आई त्याला म्हणाली, "ताट धुयाचं नसतंय बरं का हितं." तो हसला. त्या आठवड्यात तो हसलेला मी तेवढाच बघितला.

डोसे आले. आईनं तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात घातला. चावला. आणि मग चावायची थांबली. मी बघत होते. तिनं तो गिळायचा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण उलटी थांबली नाही, टेबलावर, डोशावर, तिच्या लुगड्यावर झाली. तिच्या श्वासाला तेव्हा एक वास येऊ लागला होता, मुतारीसारखा. तो आम्हाला सवयीचा झाला होता, पण शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठलं आणि ताटं घेऊन दुसरीकडे गेलं. एका लहान मुलीनं नाक धरलं, तिच्या आईनं तिचा हात खाली ओढला.

मॅनेजर आला. वाईट बोलला नाही तो. "आजींना जरा बाहेर हवेवर घ्या," म्हणाला, आणि पुसायला माणूस बोलावला. पण तो माणूस यायच्या आत आई पदरानं टेबल पुसायला लागली. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. "घाण केली की गं मी. लोकं जेवालीत." ती पुसत राहिली, पदर पिळून परत पुसत राहिली. अण्णा उठला, दोन्ही हातांनी तिला लहान मुलासारखं उचललं आणि बाहेर घेऊन गेला. मी बिल द्यायला थांबले. मॅनेजरनं घेतलं नाही.

गाव आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्या पोरीला किळस आली."

त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. मी पेज करायची, साखर-मीठ घालून, चमच्यानं ओठांना लावायची. दोन-तीन दिवसांनी गुंगी आली. मध्येच जागी व्हायची आणि वखारीतल्या बायकांना कन्नडमध्ये हाका मारायची. वहिनी आणि मी आळीपाळीनं बसायचो. एका सकाळी वहिनी अंगणात सारवत होती, मी आईचे पाय चेपत होते, आणि श्वासांमधलं अंतर वाढत वाढत गेलं. मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिले. मग वहिनीला हाक मारली.

दिवसकार्य झाल्यावर मी बेळगावला निघाले तेव्हा अण्णा सोडायला स्टँडवर आला नाही. शेतात गेला होता. वहिनीनं शेंगा दिल्या. त्यानंतर आमचं फोनवर सणावाराला बोलणं व्हायचं, मुलांची चौकशी, पाऊस, तंबाखूचा दर. आईचं नाव दोघंही काढत नव्हतो.

उन्हाळ्यात तो जमिनीच्या कागदाच्या कामाला बेळगावात आला. येतोय म्हणून सकाळी फोन केला होता. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन आले, त्याला आवडतं म्हणून भरली वांगी केली, भाकऱ्या केल्या. तो दुपारी आला. हातपाय धुतले, आईच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत गेला नाही. माझ्या नवऱ्यानं माग बंद करून त्याला पाटावर बोलावलं.

"मी जेवून आलोय," तो म्हणाला. "स्टँडजवळ हाटेलात खाल्लं."

"थोडं तरी खा अण्णा. वांगी केल्यात."

"नको गं. पोट भरलंय."

नवऱ्यानं आग्रह केला, त्यानं चहा घेतला. थोडा वेळ शेताबद्दल बोलला. यंदा तंबाखू कमी केलीय, ऊस वाढवलाय. वहिनीच्या गुडघ्याचं सांगितलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "त्या दिवशी तिला न्यायला नको हुतं."

"तिनंच सांगितलं होतं. तू आणि मी दोघंही चला म्हणाली."

"व्हय. मला ठाव हाय." त्यानं रिकामा कप आणखी आत सरकवला. "तरी बी."

त्याची चार वाजताची गाडी होती. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि लगेच काढून घेतला. आत आले तेव्हा नवऱ्यानं माग चालू केले होते. वांगी तशीच होती. मी एक भाकरी घेऊन जेवायला बसले. ती थंड झाली होती.